ययातीचे पाच पुत्र आणि आजचे घर

महाभारताच्या आदिपर्वात ययाती राजाची जी कथा आली आहे, ती मराठी वाचकास नव्याने सांगावी लागत नाही. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली तिच्यावर कादंबरी लिहिली आणि तेव्हापासून तर ती घरोघर परिचित झाली. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली वार्धक्य आले. आपले वार्धक्य घेऊन त्याच्या मोबदल्यात तारुण्य देतोस काय, असे त्याने आपल्या पाचही पुत्रांस एकामागून एक विचारले. यदू, तुर्वसू, द्रुह्यू व अनू या चौघांनी नकार दिला. सर्वांत धाकटा पुरू तेवढा कबूल झाला. चौघांच्या वाट्यास शाप आला आणि पाचव्याच्या वाट्यास राज्य. कथा येथे पुरूचा गौरव करून पुढे जाते. परंतु दोन गोष्टी ती सांगत नाही. पुरूचा होकार स्वेच्छेचा होता, की चार भावांवर पडलेले शाप पाहिल्यानंतरचा होता? आणि ऐन तारुण्यात वार्धक्य अंगावर घेऊन बसलेल्या त्या मुलाची शुश्रूषा पुढे कोणी केली?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकाने हा पौराणिक प्रसंग राजवाड्यातून काढून सामान्य गृहस्थाच्या घरात आणून ठेवला. बापाचे मूत्रपिंड निकामी झाले म्हणजे मुलगा किंवा मुलगी आपले एक मूत्रपिंड देऊ शकते. आईचे यकृत बिघडले तर लेकराच्या यकृताचा तुकडा तिच्या देहात वाढू शकतो. अवयवप्रत्यारोपणाचा इतिहास सांगताना शस्त्रवैद्यांची नावे घेतली जातात, आणि ती घेतलीच पाहिजेत. परंतु या इतिहासाची दुसरी बाजू घराची आहे. देणारा कोण, न देणारे कोण, आणि उरलेल्यांनी काय करावयाचे, हे प्रश्न शस्त्रक्रियेच्या दालनात नव्हे, तर स्वयंपाकघरात आणि माजघरात सुटतात किंवा अधिकच गुंततात. ही दुसरी बाजू ध्यानात घेतल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही.

एका देहाचा भाग दुसरीकडे लावावा ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात पुण्याकडील एका शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन छापून आले. इंग्रज फौजेतील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत असताना कापले गेले होते. पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. युरोपातील शस्त्रवैद्यांस या वृत्ताने मोठे आश्चर्य वाटले व पुढे त्यांनी ती रीत उचलली. परंतु त्या कारागिराने कातडी घेतली ती त्याच मनुष्याची. दुसऱ्याची कातडी लावून पाहिली असती, तर ती थोड्याच दिवसांत काळी पडून गळाली असती. आपले व परके यांतील हा भेद देहाला कळतो कसा, हे कोडे पुढे दीडशे वर्षे सुटावयाचे होते.

ते सुटत गेले ते टप्प्याटप्प्याने. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मनुष्याच्या रक्ताचे गट असतात हे दाखविले. अलेक्सी कॅरेल यांनी रक्तवाहिन्या एकमेकींस शिवण्याची रीत बसविली आणि १९१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९३३ साली युक्रेनमधील खेरसन येथे यूरी वोरोनॉय यांनी मृत व्यक्तीचे मूत्रपिंड एका रुग्णास लावून पाहिले. ते चालले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, हॉलंडमधील कांपेन या लहान गावी विलेम कोल्फ यांनी रक्त शुद्ध करणारे पहिले उपयोगी यंत्र तयार केले. आज ज्यास डायलिसिस म्हणतात, त्याचा तो आरंभ होय. त्याच युद्धकाळात इंग्लंडात भाजलेल्या सैनिकांच्या जखमांचा अभ्यास करताना पीटर मेडावर यांच्या ध्यानात आले की, परकी कातडी एकदा नाकारली गेल्यावर त्याच मनुष्याची कातडी पुन्हा लावली, तर देह ती पहिल्याहून लवकर नाकारतो. म्हणजे देह परक्याला ओळखतो आणि ती ओळख स्मरणात ठेवतो. या संशोधनासाठी त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथवरचा इतिहास प्रयोगशाळेचा झाला. घराचा इतिहास सुरू होतो तो १९५२ सालच्या डिसेंबरात पॅरिसमध्ये. मारियस रनार या सोळा वर्षांच्या सुतारकाम शिकणाऱ्या मुलाचा परांचीवरून पडून अपघात झाला. दुखावलेले मूत्रपिंड काढून टाकल्यावर असे आढळले की, त्या मुलास जन्मतः ते एकच होते. तेव्हा त्याच्या आईने आपले मूत्रपिंड घ्यावे म्हणून डॉक्टरांजवळ हट्ट धरला. २४ डिसेंबरच्या रात्री नेकर रुग्णालयात ते बसविण्यात आले, आणि ते चालू झाले. तीन आठवडे त्या मुलाच्या आणि आईच्या आशेवर सारे फ्रान्स श्वास रोखून होते. त्यानंतर देहाने ते नाकारले व मुलगा दगावला. शास्त्राच्या हिशेबी हा प्रयोग फसला. परंतु निरोगी मनुष्याने आपला अवयव काढून आप्ताला द्यावा ही गोष्ट विज्ञानाच्या आधी एका आईला सुचली होती, याची नोंद इतिहासाने केली पाहिजे.

यानंतर बरोबर दोन वर्षांनी, २३ डिसेंबर १९५४ रोजी, अमेरिकेतील बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक या तरुणाचे मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड यास बसविले. दोघे एकाच बीजापासून झालेले असल्यामुळे देहाला परकेपणा जाणवला नाही. रिचर्ड पुढे आठ वर्षे जगला, त्याने लग्न केले व त्याला मुले झाली. रोनाल्ड गणिताचा शिक्षक झाला आणि एका मूत्रपिंडावर २०१० पर्यंत जगला. या यशाबद्दल मरे यांना १९९० साली नोबेल मिळाले. परंतु या हकीकतीतील एक बारीकसा तपशील घरगृहस्थीच्या दृष्टीने पारितोषिकाहून महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री आजारी भावाने दुसऱ्याला चिठ्ठी पाठवून तू घरी निघून जा असे सुचविले, आणि दुसऱ्याने आपण येथून हलणार नाही असे उलट कळविले. देणाऱ्याची संमती जशी विचारावी लागते, तशी घेणाऱ्याच्या मनाचीही समजूत पटवावी लागते, हे त्या दोन चिठ्ठ्यांत दिसून येते. तीन वर्षांनी अल्पवयीन जुळ्या भावंडांचे असेच प्रश्न मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयापुढे आले. भाऊ मरू दिला तर देऊ इच्छिणाऱ्या भावाच्या मनालाही जन्माची इजा होईल, हा विचार करून न्यायालयाने अनुमती दिली.

परंतु जुळा भाऊ किती जणांना असणार? बाकीच्यांसाठी देहाची ही परकेपणाची जाणीव औषधाने मंद करणे भाग होते. १९६० च्या सुमारास ॲझाथायोप्रीन हे औषध आले. पुढे नॉर्वेच्या मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन निघाले व १९८३ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. १९८४ साली जपानातील मातीतून टॅक्रोलिमस हाती लागले. या औषधांनी बाप आणि मुलगी, पती आणि पत्नी, किंबहुना सर्वस्वी अपरिचित अशी दोन माणसे यांच्यातील अवयवांची देवघेव शक्य केली. मात्र त्यांची एक अट आहे. ती जन्मभर, वेळच्या वेळी घ्यावी लागतात. या एका अटीमुळे शस्त्रक्रियेनंतरची सारी जबाबदारी रुग्णालयाकडून घराकडे आली.

भारतात या विद्येचा आरंभ मुंबईत झाला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली मूत्रपिंड बसविण्याचा प्रयत्न झाला. रुग्ण फार दिवस वाचला नाही. केपटाऊन येथे ख्रिश्चन बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये जगातील पहिले हृदय बसविले, त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, याच रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण १९७१ साली वेल्लोर येथे झाले. पुढे १९७५ च्या अखेरीपासून जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिसवर राहिले, तेव्हा तो शब्द वृत्तपत्रांतून घरोघर वाचला गेला.

मराठवाड्यातील घरांना हे सारे दूरचे होते. १९४८ पर्यंत हा भाग निजामी राज्यात असल्यामुळे मोठ्या दुखण्याला हैदराबादची वाट धरावी लागे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पाणचक्कीजवळचे त्याचे रुग्णालय 'घाटी' या नावाने आठही जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांस ठाऊक आहे. तरीसुद्धा मूत्रपिंड बसवावयाचे म्हणजे पुढे कित्येक वर्षे मुंबई-पुण्यासारखे दूरचे शहर गाठावे लागे. मीटरगेजच्या गाडीने मनमाड, तेथे गाडी बदलून मुंबई, आणि मुंबईत रुग्णालयाच्या आसपास कोठेतरी आसरा, असा तो प्रवास असे. गाडगे महाराजांनी धर्मशाळा बांधताना यात्रेकरूंबरोबर रुग्णांच्या नातेवाइकांचाही विचार केला होता. दादर येथे त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आजही परगावचे रुग्ण आणि त्यांची माणसे महिनोन्महिने राहतात. अशा ठिकाणी एका कोपऱ्यात स्टोव्हवर पथ्याचे अन्न शिजविणारी बाई, रांगेत उभा राहून तपासणीचे कागद आणणारा मुलगा आणि गावाकडे राहून शेत व गुरे सांभाळणारा भाऊ, ही सारी प्रत्यारोपणाच्या इतिहासातील माणसेच होत, जरी त्यांची नावे कोठे लिहिलेली नसली तरी.

ऐंशीच्या दशकात या विद्येस एक कीड लागली. मुंबई-मद्राससारख्या शहरांतून गरिबांची मूत्रपिंडे विकत घेण्याचा धंदा बोकाळला आणि परदेशांतूनही गिऱ्हाइके येऊ लागली. तो बंद करण्यासाठी संसदेने १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो प्रथम ज्या राज्यांत अंमलात आला, त्यांत महाराष्ट्र होता. अवयवाची खरेदी-विक्री हा या कायद्याने गंभीर अपराध ठरला. जिवंतपणी अवयव देण्याचा सरळ अधिकार पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी आणि भाऊ-बहीण एवढ्या निकटच्या आप्तांस राहिला; २०११ च्या दुरुस्तीने त्यांत आजी-आजोबा व नातवंडे आली. सून सासऱ्यास मूत्रपिंड देऊ इच्छीत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती निकट आप्त नव्हे. तिला प्राधिकार समितीपुढे जाऊन हे दान प्रेमापोटी आहे, पैशापोटी किंवा दडपणापोटी नाही, हे दाखवावे लागते.

परंतु बाजाराचे दडपण कायदा ओळखू शकतो. घरातील दडपण ओळखणे कठीण असते. वडील आजारी पडतात, डॉक्टर सर्वांचे रक्तगट विचारतात, आणि रात्री जेवताना कोणी काही बोलत नाही. थोरल्याला स्वतःलाच मधुमेह आहे. मधल्याची बायको गरोदर आहे. धाकटा अविवाहित म्हणून सर्वांचे डोळे त्याच्याकडे वळतात. अथवा मुलगे कमावते म्हणून आईकडे वळतात, आणि आई कोणी विचारण्यापूर्वीच माझे घ्या म्हणून मोकळी होते. मग पाटपाण्याच्या त्याच घरात ययातीचा तो जुना प्रसंग पुन्हा उभा राहतो. फरक एवढाच की, शाप उघड उच्चारला जात नाही. बापासाठी एवढेही केले नाही, हे वाक्य पुढे वीस वर्षे लग्नाकार्यात कोणाच्या तरी तोंडून निघत राहते.

देशाचे आकडे या बाबतीत बोलके आहेत. २०२३ साली भारतात एकूण १८,३७८ अवयवांची रोपणे झाली. त्या वर्षीच्या जिवंत दात्यांत पुरुष साडेपाच हजारांच्या वर होते, तर स्त्रिया पावणेदहा हजारांच्या वर होत्या. अवयव घेणाऱ्यांत मात्र पुरुषांची संख्या अधिक असते. स्त्रीचे वात्सल्य मोठे असते एवढे म्हणून या आकड्यांचा निकाल लावता येत नाही. जिला घरात एरवी कोणी विचारीत नाही, तिला याच वेळी विचारले जाते, हेही त्यांतून वाचावे लागते. म्हणूनच २०१४ च्या नियमांत असे स्पष्ट घातले आहे की, दाता स्त्री असेल तेव्हा विशेष दक्षता घ्यावी, आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. अनेक रुग्णालयांतून आणखी एक शहाणपणाची रीत आहे. एकांतातील मुलाखतीत ज्याचे मन कचरते, त्याच्याविषयी घरच्यांना एवढेच सांगितले जाते की, हा दाता योग्य ठरत नाही. का, ते सांगितले जात नाही. यदू-तुर्वसूंच्या मस्तकी शाप येऊ नये म्हणून आधुनिक वैद्यकाने शोधलेला हा उपाय लहान दिसतो. परंतु त्याने कित्येक घरे फुटता फुटता वाचली असतील.

मुक्त मनाने दिलेल्या दानाची उदाहरणे अर्थातच आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये लालूप्रसाद यादव यांना त्यांची कन्या रोहिणी आचार्य यांनी सिंगापुरात मूत्रपिंड दिले. २०२३ च्या फेब्रुवारीत केरळातील एका सतरा वर्षांच्या मुलीने वडिलांस यकृताचा भाग दिला. अठरा वर्षांखालील व्यक्तीस जिवंतपणी अवयव देण्यास कायदा सहसा परवानगी देत नाही, म्हणून ती मुलगी उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि न्यायालयाने तिच्या मनाची खात्री करून घेऊन अनुज्ञा दिली. बोस्टनच्या जुळ्या भावंडांपुढील प्रश्न पासष्ट वर्षांनी केरळात पुन्हा विचारला गेला आणि उत्तर तेच आले.

घरात योग्य दाता नसला म्हणजे काय होते, हे मराठवाड्याने २०१२ साली जवळून पाहिले. लातूरजवळच्या बाभळगावचे सरपंच म्हणून सार्वजनिक जीवनास आरंभ करून दोनदा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले विलासराव देशमुख यांचे यकृत व मूत्रपिंडे निकामी झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांना मुंबईहून हवाई रुग्णवाहिकेने चेन्नईस नेण्यात आले. तामिळनाडूने २००८ पासून मृत व्यक्तींच्या अवयवदानाची चांगली व्यवस्था उभी केली होती, म्हणून ही धाव होती. सत्ता, धन, वैद्य, विमान, कशाचीही वाण नव्हती. वेळेवर योग्य अवयव तेवढा मिळू शकला नाही. १४ ऑगस्ट २०१२ रोजी वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. १ जुलै २०२० रोजी त्यांचे पुत्र, अभिनेते रितेश देशमुख, व सूनबाई जेनेलिया यांनी मरणोत्तर अवयवदानाचा संकल्प जाहीर केला. ज्या घराने वाट पाहण्याचे दुःख भोगले आहे, त्या घराकडून झालेल्या संकल्पाचा अर्थ निराळा सांगावयास नको.

१९९४ च्या कायद्याने मेंदूचा मृत्यू हा मृत्यू मानला, तेव्हाच हा दुसरा मार्ग खुला झाला होता. चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदू मृत झाल्याचा दाखला देते. त्यानंतर घरच्यांनी संमती दिली, तर हृदय, यकृत, मूत्रपिंडे अशा अवयवांनी अनेक अपरिचितांचे प्राण वाचतात. महाराष्ट्रात या कामासाठी मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर अशा चार विभागीय समन्वय समित्या आहेत. मराठवाड्यात अशा दानाचा आरंभ २०१६ साली झाला. जून २०१८ मध्ये या शहरातील एका मुलाचे हृदय रस्ते मोकळे करून विमानतळावर व तेथून मुंबईस नेण्यात आले, आणि सुमारे दीड तासात ते एका बालिकेसाठी रुग्णालयात पोचले. काढलेले हृदय चार तासांच्या आसपास बसवावे लागते, म्हणून ही घाई. ज्या वाटेने पूर्वी मराठवाड्यातील रुग्ण मनमाडला गाडी बदलून मुंबईकडे जात, त्याच वाटेने आता मराठवाड्याचे दान जाऊ लागले. शहरातही आज मूत्रपिंड बसविण्याची सोय असलेली रुग्णालये आहेत. तरीही २०२३ साली साऱ्या देशात मृत दात्यांची संख्या १,०९९ एवढीच होती. अजूनही मुख्य भार घरातील जिवंत माणसावरच आहे.

अवयव देणारा एक असतो. पण घर चालते ते बाकीच्या चौघांवर, आणि त्यांचे काम शस्त्रक्रियेच्या पुष्कळ आधी सुरू होते. डायलिसिस आठवड्यातून बहुधा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. पैठण किंवा कन्नडकडील गावाहून शहरात येणाऱ्या रुग्णाचे तीन दिवस त्यातच संपतात, आणि सोबतीच्या माणसाचेही. पाणी मोजून प्यावयाचे, मीठ तोलून घालावयाचे. उन्हाळ्यात तहानेने व्याकूळ झालेल्या बापाच्या हातातील तांब्या काढून घेण्याचे कठोर काम कोणाला तरी करावेच लागते. पैशाची व्यवस्था पाहावी लागते. शासनाच्या महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंडरोपणासाठी अडीच लाखांची मर्यादा होती. ती वाढवून साडेचार लाख करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. हे साहाय्य मोठे आहे. परंतु गाडीभाडे, खोलीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि जन्मभराची औषधे यांचा हिशेब घरालाच करावा लागतो. शेत गहाण टाकण्यापूर्वी कागद पुरे करून रुग्णालयातील आरोग्यमित्राला आणि समाजसेवा अधीक्षकाला भेटणारा एक शहाणा माणूस घरात असला, तर तोही एक दाताच समजावा.

शस्त्रक्रिया झाल्यावर नवे मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूस बसविलेले असते. जुनी बहुधा जागच्या जागी राहतात. घरी आल्यावर पहिले सहा महिने कसोटीचे असतात. परकेपणाची जाणीव मंद करणारी औषधे रोगांशी झुंजण्याची शक्तीही मंद करतात. म्हणून उकळलेले पाणी, ताजे शिजविलेले अन्न, तोंडाला आच्छादन आणि समाचाराला येणाऱ्यांची गर्दी टाळणे या गोष्टी पाळाव्या लागतात. शेवटची गोष्ट आपल्याकडे सर्वांत अवघड. काकांना दारातूनच परत पाठविणे हा अपमान वाटतो. परंतु काकांचा खोकला हा अधिक मोठा धोका होय. औषधाची वेळ घड्याळाच्या काट्याला धरून पाळावी लागते. पपनस आणि चकोतरा ही फळे वर्ज्य, कारण त्यांनी रक्तातील औषधाचे प्रमाण वाढते. ताप आला, लघवी कमी झाली, अंगावर सूज आली, वजन एकाएकी वाढले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांस कळवावयाचे. हे सारे एका वहीत लिहिणारे कोणी असावे लागते, आणि ते काम नववी-दहावीतील नातही उत्तम करू शकते. मुलांपासून आजार लपविण्यापेक्षा त्यांना असे एखादे काम देणे बरे. त्यांची भीती त्याने पुष्कळ कमी होते.

कित्येकदा बरा होऊ लागलेला बाप चिडखोर होतो. औषधांतील स्टेरॉइडचा तो परिणाम असू शकतो, हे घरच्यांना ठाऊक असले म्हणजे रागाला राग जोडला जात नाही. कित्येकदा तो खिन्न होतो. लेकराचे घेऊन आपण जगतो आहोत, हा सल त्याला आत खात असतो. अशा वेळी उपदेशाचा उपयोग होत नाही. त्याला जमेल ते काम पुन्हा त्याच्या हाती द्यावे लागते, मग तो दुकानातील हिशेब असो की नातवाची उजळणी. घरातील कर्त्याला केवळ रुग्ण करून ठेवणे हे त्याला अर्धे मारून ठेवण्यासारखेच होय.

आणि देणाऱ्याचे काय? पहिला आठवडा सर्वांचे लक्ष घेणाऱ्याकडे असते. दाता मात्र शेजारच्या खोलीत वेदना सोशीत पडलेला असतो. आई किंवा सून दाता असली तर पंधरा दिवसांत तिने चुलीपाशी उभे राहावे अशी अपेक्षा नकळत केली जाते. वास्तविक काही आठवडे तिने पाण्याची घागरही उचलता कामा नये. उरलेले एक मूत्रपिंड दोघांचे काम करू लागते हे खरे; परंतु दरवर्षी रक्तदाब, रक्त व लघवी यांची तपासणी दात्याने चुकवू नये. त्या तपासणीची तारीख लक्षात ठेवणे हे घराचे कर्तव्य आहे, त्या एकट्या व्यक्तीचे नव्हे. त्याचप्रमाणे रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्या माणसालाही आठवड्यातून एक दिवस सुटी मिळाली पाहिजे. ती देण्यासाठी जो भाऊ गावाहून येऊन बसतो, त्याने रक्तगट जुळला नाही म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही.

पुराणकथेचा शेवट पुष्कळांच्या विस्मरणात जातो. सहस्र वर्षांनंतर ययातीने पुरूचे तारुण्य त्यास परत दिले आणि आपले वार्धक्य आपण घेतले. वैद्यकाला हे साधत नाही. दिलेला अवयव परत करता येत नाही. जिवंत दात्याचे मूत्रपिंड साधारणतः पंधरा-वीस वर्षे चालते. तेवढ्या काळात मुलीचे लग्न होते, नातू शाळेत जाऊ लागतो, बाप पुन्हा गुंठाभर जमीन पाहून येतो. ही वर्षे पुरूने दिली हे खरे. परंतु ती टिकवतात ती सकाळ-संध्याकाळ औषधाची पेटी उघडणारी, वही लिहिणारी, पाणी उकळणारी, शहराच्या फेऱ्या मारणारी माणसे. कथेतील चौघांना शाप मिळाला. आजच्या घरात त्या चौघांना काम दिले पाहिजे, आणि ते काम अवयवाच्या दानाइतकेच मानाचे आहे असे सर्वांदेखत म्हटले पाहिजे. ज्या घराला एवढे साधते, तेथे आईबापांचे दुखणे कितीही मोठे असले, तरी भाऊ भावाला दुरावत नाही.